मागची बाकी: इंदूरच्या बाजारातील सहकार्याचा एक अभ्यास

व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत छोटा व्यावसायिक आणि त्याचा पुरवठादार यांच्यातील सहकार्याचे चार आधार सांगितलेले असतात: लेखी करार, ठरलेली मुदत, दर्जाची खात्री आणि परस्परांवरील विश्वास. इंदूरच्या बाजारात हे चारही आधार आढळतात. मात्र त्यांपैकी करार वकिलाच्या कपाटात असतो, मुदत सर्वांना तोंडपाठ असून कोणी पाळत नाही, दर्जाची खात्री हरभऱ्याचा दाणा दाढेखाली फोडून जागच्या जागी करून घेतली जाते, आणि विश्वासाविषयी कोणी फार बोलू लागला, की समोरचा सावध होऊन रोख मागतो. असे असूनही रोज पहाटे पोह्यांचे पातेले चढते, शेवेचा डबा भरलेला असतो, रात्री सराफा बाजारात मक्याचा कीस वेळेवर परतला जातो, आणि या शहराची भूक लक्षात घेता काही कमी पडल्याची तक्रार आश्चर्य वाटावे इतकी क्वचित ऐकू येते. हा सगळा व्यवहार ज्या गोष्टीने बांधलेला आहे, ती पुरवठादाराच्या वहीत पानाच्या तळाशी लिहिलेली असते आणि बाजारात तिला 'बाकी' म्हणतात.

बाकी म्हणजे दुकानदाराने पुरवठादाराला देणे असलेली, परंतु मागण्याइतकी जुनी अथवा विसरण्याइतकी लहान न झालेली रक्कम. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी तिला दोष समजतो आणि परीक्षेत ती शून्यावर आणण्याचे उपाय लिहून गुण मिळवतो. बाजारातील जाणत्यांचे मत नेमके उलट आहे. बाकी पूर्ण फिटली, की दुकानदार उद्या दुसरीकडून माल घ्यायला मोकळा झाला असे पुरवठादाराला वाटू लागते, आणि पुरवठादाराने पूर्ण रकमेचा तगादा लावला, की त्याने आपल्याला ओवाळून टाकले असे दुकानदाराला वाटू लागते. त्यामुळे बाकी शून्यावर येऊ द्यायची नाही आणि अंगावर येईल इतकी वाढूही द्यायची नाही, यासाठी दोन्ही पक्ष वर्षानुवर्षे जो संयुक्त प्रयत्न करतात, त्यालाच या लेखात सहकार्य असे म्हटले आहे.

या प्रथेची पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येते. 1716 मध्ये येथील जमीनदार राव नंदलाल यांनी मोगल दरबाराकडून करमुक्त व्यापाराची सनद मिळवली असे सांगितले जाते, म्हणजे शहराचा जन्मच सवलतीत झाला. 1818 च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, तेव्हा दौलतीचा कारभार तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे, यांच्या हाती होता; तलवारीचा हिशेब संपून वहीचा हिशेब सुरू होण्याच्या त्या काळात सावकारी जाणणारा दिवाण लाभणे हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. पुढे माळव्याच्या अफूचा आणि नंतर कापसाचा हा मोठा बाजार झाला, आणि माल डोळ्यांनी न पाहता पुढच्या तारखेचे सौदे करण्याची, म्हणजेच वायद्याची, येथील व्यापाऱ्यांना इतकी सवय जडली, की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर हुकुमचंद यांना लोक कापसाचा राजा म्हणू लागले. जो समाज अजून न उगवलेल्या कापसाचा भाव ठरवू शकतो, त्याला अजून न आलेल्या पैशावर आजचा माल उचलणे अवघड का वाटावे?

बाजाराची रचनाही या स्वभावाला पोषक आहे. किराण्याचा ठोक व्यापार सियागंजात, पुस्तके खजुरी बाजारात, भांडी बर्तन बाजारात, लोखंड लोहा मंडीत, कांदे-बटाटे चोइथराम मंडीत, अशी प्रत्येक मालाला स्वतःची वस्ती असून एकाच मालाचे सारे प्रतिस्पर्धी भिंतीला भिंत लावून बसलेले असतात. अर्थशास्त्राच्या नियमाप्रमाणे त्यांनी एकमेकांचा गळा कापावयास हवा. प्रत्यक्षात गिऱ्हाइकाने मागितलेली हळद आपल्याकडे संपली असेल, तर सियागंजातला दुकानदार 'गोदामातून मागवतो' असे सांगून पोऱ्याला शेजारच्या प्रतिस्पर्ध्याकडे धाडतो, तेथून पोते उचलून आणतो आणि आपल्याच भावाने विकतो. संध्याकाळी त्या दोघांतही एक बाकी उभी राहते. गिऱ्हाईक समोर असेपर्यंत दोघे स्पर्धक, आणि ते वळले की दोघे एकमेकांचे गोदाम, अशी ही दुहेरी भूमिका आहे.

या व्यवस्थेचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे पोह्यांचा ठेला. पोहे ही इंदूरची ओळख आहे हे विधान येथे इतक्या वेळा केले जाते, की भात हे माळव्याचे पीकच नव्हे याचा सर्वांना विसर पडलेला आहे. येथील काळ्या जमिनीत सोयाबीन, गहू, हरभरा, लसूण आणि बटाटा पिकतो. पोह्यासाठी लागणारा बराचसा भात छत्तीसगडकडून येतो, त्याचे पोहे करणाऱ्या गिरण्या शेजारच्या उज्जैनमध्ये मोठ्या संख्येने आहेत, आणि इंदूरचा त्यातला स्वतःचा वाटा मुख्यतः खाण्याचा व त्याविषयी अभिमान बाळगण्याचा आहे. हा अभिमान मात्र अस्सल आहे. भिजवलेल्या पोह्यांचे पातेले उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून ते वाफेवर गरम राखण्याची येथील रीत महाराष्ट्रातल्या फोडणीच्या पोह्यांहून इतकी वेगळी आहे, की पुण्याहून आलेला पाहुणा पहिला घास घेताना शेंगदाणे शोधतो, दुसरा घेताना शेवेकडे संशयाने पाहतो, आणि तिसऱ्यानंतर जिलेबी कोठे मिळेल याची चौकशी करतो.

एका ठेल्यामागे किती पुरवठादार उभे असतात, याची मोजदाद केली तर ठेलेवाल्याचे नाव पदार्थावर का लावावे असा प्रश्न पडेल. पोहे उज्जैनच्या गिरणीचे, तेही सियागंजातल्या ठोक व्यापाऱ्यामार्फत. कांदा चोइथराम मंडीचा. कोथिंबीर आणि लिंबू पहाटेच्या भाजीवाल्याचे. मैदा आणि साखर जिलेबीवाल्याची, जो बहुधा बाजूलाच वेगळी कढई घेऊन बसतो आणि ज्याचा हिशेब वेगळा असला तरी गिऱ्हाईक एकच असते. शेव फरसाणवाल्याची, तिचे बेसन डाळ गिरणीचे आणि त्या गिरणीचा हरभरा माळव्याच्या शेतातला. यांत जिरावणाचा, म्हणजे पोह्यांवर भुरभुरावयाच्या आंबटतिखट मसाल्याचा, प्रश्न सर्वांत नाजूक आहे. प्रत्येक ठेलेवाला आपले जिरावण घरी आजीच्या हातचे असल्याचे सांगतो, आणि मसाल्याच्या ठोक दुकानात सकाळी जी गर्दी दिसते, ती या सर्व आज्यांची नातवंडे असावीत असे मानण्यास जागा आहे.

हरभऱ्याचा भाव वाढला, की या साखळीचे सौजन्य विशेषत्वाने प्रकट होते. इंदूर हे डाळ गिरण्यांचे मोठे केंद्र असल्याने भाववाढीची बातमी येथे पावसाच्या बातमीपेक्षा लवकर पसरते; परंतु गिरणीवाला फरसाणवाल्याला, फरसाणवाला ठेलेवाल्याला आणि ठेलेवाला गिऱ्हाइकाला भाव वाढवल्याचे तोंडावर सांगत नाही, कारण असे सांगणे संबंधांना बाधक समजले जाते. गिरणीवाला मुदत चार दिवसांनी कमी करतो, फरसाणवाल्याची शेव थोडी बारीक निघू लागते आणि ठेलेवाल्याची मूठ थोडी सैल होते, म्हणजे तिच्यातून शेव डब्यातच अधिक गळते. भाववाढ अशा रीतीने सर्वांनी मिळून पचवलेली असते, आणि बशीत शेव कमी दिसली तर गिऱ्हाईक 'भिया, थोडी सेव और' एवढेच म्हणते. 'भिया' हे इंदूरचे सार्वत्रिक संबोधन आहे. ते धाकट्याला, थोरल्याला, पोलिसाला आणि घेणेकऱ्यालाही चालते, आणि या शेवटच्या उपयोगामुळे ते बाजारात विशेष मौल्यवान ठरले आहे.

पुरवठादाराचा माणूस सकाळी पोती उतरवून झाल्यावर ठेल्यावर एक बशी पोहे खातो. या बशीचे पैसे तो देत नाही, ठेलेवाला मागत नाही आणि कोणत्याही वहीत तिची नोंद होत नाही. लेखापरीक्षकाला ती दिसली असती तर त्याने तिला व्याज म्हटले असते. मागची बाकी फार वाढलेली असते त्या दिवशी बशीबरोबर जिलेबीही येते, आणि अनुभवी माणूस जिलेबी पाहूनच ओळखतो, की आज पैसे मागण्यात अर्थ नाही.

आता या साखळीतल्या पैशाच्या प्रवाहाकडे पाहिले असता एक कोडे समोर येते, आणि त्याचे समाधानकारक उत्तर अर्थशास्त्राने अद्याप दिलेले दिसत नाही. मध्य प्रदेशाच्या 1972 च्या कृषी उपज मंडी कायद्यानुसार मंडीत विकलेल्या मालाचे पैसे शेतकऱ्याला त्याच दिवशी मिळाले पाहिजेत, म्हणजे साखळीच्या आरंभी रोख आहे. साखळीच्या अखेरीस पोहे खाणारे गिऱ्हाईक मोबाइलने तत्क्षणी पैसे भरते आणि ठेल्यावरचा डबा मोठ्या आवाजात रक्कम जाहीर करून सगळ्या चौकाला साक्षीदार करतो, म्हणजे तेथेही रोख आहे. दोन्ही टोकांना रोख असताना मधला प्रत्येक जण मात्र 'पीछे से पैसा नहीं आया' असे सांगतो. ठेलेवाला फरसाणवाल्याला, फरसाणवाला बेसनवाल्याला आणि बेसनवाला गिरणीवाल्याला हेच वाक्य ऐकवतो, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात मागे कोणी तरी असतो, ज्याच्याकडे पैसा अडलेला आहे. हा मागचा माणूस कोण, याचा छडा आजवर लागलेला नाही. बाजारातील काही बुजुर्गांच्या मते तो अस्तित्वातच नाही. परंतु तो नसता तर शहरातला निम्मा व्यापार एका आठवड्यात बंद पडला असता, म्हणून त्याचे अस्तित्व गृहीत धरणे शास्त्राला भाग आहे.

बाकीची वसुली ही स्वतंत्र विद्या आहे. वसुलीला आलेला माणूस पैशाचा विषय काढत नाही, तो पाऊसपाण्याचा काढतो. दुकानदारही पैशाचा विषय काढत नाही, तो चहा मागवतो. चहा संपेपर्यंत सोयाबीनचा भाव, एखाद्या तिसऱ्याच व्यापाऱ्याची बुडालेली रक्कम आणि त्याच्याविषयी दोघांनाही वाटणारी हळहळ यांवर बोलणे होते, आणि या तिसऱ्याच्या गोष्टीतून जे सांगावयाचे ते सांगून झालेले असते. मग दुकानदार गल्ल्यातून काही रक्कम काढतो. बिल 18,640 रुपयांचे असेल तर तो 15,000 देतो. 18,000 देणे सहज शक्य असले तरी ते उर्मटपणाचे ठरेल, कारण उरलेल्या 640 रुपयांना बाकी म्हणण्याइतकेही वजन नसते. लगेच तो 20,000 च्या नव्या मालाची यादी सांगतो. पुरवठादाराचा माणूस 15,000 घेऊन आणि 23,640 चे येणे ठेवून समाधानाने परततो, आणि त्याचे मालकही या भेटीची गणना वसुलीतच करतात.

फार जुनी बाकी मिटवताना 'वटाव' देण्याची चाल आहे. वटाव म्हणजे पूर्ण रक्कम एकदम दिल्याबद्दल पुरवठादाराने सोडून दिलेला हिस्सा. येथे एक बारकावा असा, की वटाव वेळेवर पैसे देणाऱ्यासाठी असतो असे पुस्तकात म्हटले असले, तरी बाजारात तो सर्वांत उशिरा देणाऱ्याला सर्वांत मोठा मिळतो, कारण त्याच्याकडून काही मिळेल अशी आशाच उरलेली नसते. जुन्या हिंदू कायद्यात व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये असा 'दामदुपटी'चा नियम होता. इंदूरच्या बाजाराने तो अधिक उदार केलेला दिसतो: येथे पुरेसा काळ गेला, की व्याज तर जातेच, मुद्दलही लाजून थोडे आखडते.

या सुरळीत चाललेल्या अव्यवस्थेत शासनाने वेळोवेळी शिस्त आणण्याचा प्रयत्न केला आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म अथवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर फार तर 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. सतरा वर्षे हा कायदा बाजारात आदराने उल्लेखिला गेला. कायद्याच्या आधारे व्याज मागणे याचा अर्थ ते गिऱ्हाईक पुन्हा कधीही तोंड दाखवणार नाही, हे प्रत्येक पुरवठादार जाणून होता. शिवाय कायदा दिवस मोजतो आणि बाजार सण मोजतो. येथे पैसे 'गेरनंतर', म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीनंतर, 'राखीच्या आधी', 'दिवाळीच्या मुहूर्ताला' किंवा 'लगीनसराई उठल्यावर' द्यावयाचे असतात, आणि पंचांगातील हे अंतर 45 दिवसांत क्वचितच बसते.

मग 2023 च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात एक कलम घातले, ज्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळू लागला. हे कलम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले आणि त्याच्या आधीच्या महिन्यांत देशभरच्या कापडबाजारांत जे घडले, ते कायदे करणाऱ्यांनी अभ्यासक्रमात लावून घ्यावे असे आहे. लहान पुरवठादाराला वेळेवर पैसे मिळावेत म्हणून केलेल्या तरतुदीने घाबरून खरेदीदारांनी लहान पुरवठादाराचा माल परत पाठवला, मागण्या रद्द केल्या आणि मोठ्या अथवा नोंदणी नसलेल्या पुरवठादारांकडे मोर्चा वळवला. काही ठिकाणी तर पुरवठादारालाच 'तुमची नोंदणी रद्द करा, म्हणजे पूर्वीसारखे उशिरा पैसे देता येतील' असा स्नेहाचा सल्ला मिळाला. त्यातही हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आहे, नुसता व्यापार करणाऱ्याला नाही. त्यामुळे एकाच गिरणीचे बेसन थेट घेतले तर 45 दिवस आणि व्यापाऱ्यामार्फत घेतले तर सोयीप्रमाणे, असा फरक पडतो, आणि पोत्याला मात्र आपण कोणत्या कलमाखाली आलो आहोत याची कल्पना नसते.

वस्तू व सेवा कराने घडवलेली उलथापालथ याहून मनोरंजक आहे. 1 जुलै 2017 पासून लागू झालेल्या या करात खरेदीदाराने भरलेला कर त्याला वजा मिळतो, परंतु पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरून ते बिल दाखवले असेल तरच. पूर्वी पुरवठादार खरेदीदाराच्या मागे लागत असे. परिणामी आता दर महिन्याच्या 11 तारखेच्या आसपास खरेदीदार पुरवठादाराच्या मागे लागतो. पिढ्यान्‌पिढ्या तगादा सोसलेल्या दुकानदाराला तगादा लावण्याची ही संधी इतकी गोड वाटते, की ज्या बिलाचे पैसे त्याने दिलेले नाहीत, त्या बिलाचे विवरण अजून कसे भरले नाही, असे तो खडसावून विचारू शकतो. या कायद्यातही 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे न दिल्यास घेतलेली वजावट परत करावी लागते, अशी अट आहे. बाजारात 180 दिवस ही मुदत मानवी स्वभावाला अधिक जवळची समजली जाते.

विनोदात न बसणाऱ्या एका बाकीचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण श्रमाचा पुरवठा करणाराही पुरवठादारच असतो. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या हजारो कामगारांचे देणे चुकते करण्यासाठी सुमारे 224 कोटींचा धनादेश 25 डिसेंबर 2023 रोजी दिला गेला. मधल्या बत्तीस वर्षांत अनेक कामगार वारले. त्यांच्या वहीत चहा नव्हता, नव्या मालाची यादी नव्हती, आणि उधारी दोन्ही बाजूंनी राखली तरच तिला सहकार्य म्हणता येते, हे त्या वहीइतके स्पष्ट दुसरी कोणतीही वही दाखवत नाही.

सराफा बाजारातील सहकार्य मात्र पैशाच्याही पलीकडचे असून त्यात जागा आणि वेळ यांची देवघेव होते. दिवसा येथे सोन्याचांदीची दुकाने उघडी असतात; रात्री ती मिटली, की त्याच ओट्यांवर दहीवडे, गराडू, भुट्ट्याचा कीस, मालपुवा, साबुदाणा खिचडी आणि ताटाएवढा जिलेबा मध्यरात्र उलटेपर्यंत विकला जातो. गराडू हा एक कंद असून थंडीत तो तळून मसाला भुरभुरून खातात. जिलेबा म्हणजे संयम सोडलेली जिलेबी. सराफांनी खाद्यविक्रेत्यांना आपल्या ओट्यांवर बसू दिले ते रात्री गर्दी राहावी आणि चोराला एकांत मिळू नये म्हणून, असे परंपरेने सांगितले जाते. ते खरे असेल तर या शहराने सुरक्षेवर केलेला खर्च जगात सर्वांत चविष्ट म्हणावा लागेल. सराफ जागेचा पुरवठा करतो, विक्रेता पहाऱ्याचा, आणि पहारेकऱ्यांना पगार देण्याऐवजी तेच पैसे मोजून खाऊन जातात. अलीकडे गॅसच्या टाक्या आणि वाढलेली गर्दी पाहून ज्यांनी दुकाने वाचवावीत त्यांच्यापासूनच दुकानांना धोका आहे, अशी शंका काही सराफांना येऊ लागली आहे, आणि पारंपरिक पदार्थ कोणते व मोमो कोणत्या परंपरेत बसतात, यावर गंभीर चर्चा झडत आहेत. या वादात दहीवडा हा सोन्याचा रक्षक आहे आणि मोमो नाही, असे सिद्ध करण्याची जबाबदारी जिच्यावर येईल त्या समितीविषयी सहानुभूती बाळगणे प्राप्त आहे.

सराफ्यातला आणखी एक व्यवहार येथे नोंदवला पाहिजे. कारागीर दागिना घडवतो तेव्हा सोन्याचे बारीक कण झडतात. या तुटीला 'घट' म्हणतात आणि ती किती धरावयाची हे सराफ आणि कारागीर यांच्यात आधीच ठरलेले असते. घटीत गेलेले सोने नाहीसे होत नाही, ते जमिनीवर पडते, आणि ती धूळ विकत घेऊन, धुऊन, त्यातले सोने काढणारा झारेकरी हा जुना व्यावसायिक आहे. ज्या बाजारात केरालाही भाव आहे तेथे केर काढण्यावरून स्पर्धा असणारच. 2017 पासून स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षे पहिला क्रमांक मिळवणाऱ्या शहरात झारेकऱ्याला झाडूवाल्याच्याही आधी उठावे लागत असेल, असा अंदाज करण्यास हरकत नाही.

या चित्रात इंदूरचा मराठी समाज कोठे बसतो, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. होळकरांबरोबर आलेल्या या समाजाने दरबार, शाळा, न्यायालय, बँका आणि संगीत यांत नाव कमावले. व्यापारात त्याने प्रामुख्याने गिऱ्हाइकाची बाजू सांभाळली. तथापि रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा वस्त्यांतून घरगुती उद्योग चालतात आणि मेतकूट, भाजणी, पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ दुकानांना व मराठी मंडळांच्या जत्रांना पुरवला जातो. या पुरवठादारांचा माल उत्कृष्ट असतो आणि वसुली करुण असते, कारण मराठी मध्यमवर्गाने भीड नावाची जी मालमत्ता वंशपरंपरेने जपली आहे, तिचा या धंद्यात थेट तोटा होतो. चकल्यांचे पैसे मागण्यासाठी निघालेल्या काकू दुकानात शिरताच दुकानदाराच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, सुनेला कितवा महिना हे विचारतात, चकल्या कडक झाल्या नव्हत्या ना अशी स्वतःच शंका काढून दुकानदाराला तक्रारीची आयती संधी देतात, आणि पैशाचा विषय ओठांवर येईतो 'बरं, येते मी' म्हणून बाहेर पडतात. दुकानदार मागून हाक मारतो, 'काकी, हिसाब कर लें?' त्यावर त्यांच्या तोंडून निघालेले 'अरे, घाई काय आहे!' हे वाक्य माळव्यातील मराठी उद्योगाच्या भांडवलटंचाईचे मूळ कारण मानता येईल. दुकानदार तरीही त्यांचा माल सोडत नाही. जिची बाकी मागितली जात नाही अशी पुरवठादार गमावणे त्याला परवडणारे नसते.

या साखळीच्या अगदी शेवटी एक असा व्यवहार आहे, ज्यात सगळ्या भूमिका उलटतात. ठेल्यावर उरलेले पोहे, कांद्याची साले, पिळलेली लिंबे आणि सराफ्यातल्या मध्यरात्रीच्या पत्रावळी ओल्या कचऱ्यात जातात. गाणे वाजवीत येणारी महापालिकेची गाडी तो वेगळा करून घेते आणि देवगुराडिया येथील प्रकल्पात त्यापासून इंधनवायू तयार होतो. 19 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता दिवसाला 550 टन ओला कचरा घेऊन सुमारे 17,000 किलो वायू आणि 100 टन खत देण्याची आहे. वायूवर शहरातल्या बस धावतात आणि खत शेताला लागते, म्हणजे उद्याच्या कांद्याचा पुरवठादार आजचा कांदाच ठरतो. कच्चा माल देणारा येथे पोहेवाला आहे, घेणारी महापालिका आहे, तरीही पैसे पोहेवाल्यालाच मोजावे लागतात. त्याला स्वच्छता शुल्क म्हणतात. माल पुरवून वर पैसे देणारा पुरवठादार ही कल्पना बाजाराला सुरुवातीला पचली नाही, पण तिचेही खाते आता उघडले गेले असून त्यात रीतसर बाकी साचते. ती वाढली, की अधिभार लागतो; अधिभार वाढला, की महापालिका लोक अदालतीच्या दिवशी त्यात सूट जाहीर करते; आणि त्या दिवशी शहरातले व्यापारी रांगेत उभे राहून, सूट किती टक्के हे खिडकीवर दोनदा विचारून, सर्वांत जुन्या वर्षाची रक्कम भरतात व चालू वर्षाची पुढच्या लोक अदालतीसाठी राखून ठेवतात.